सरलवृक्षाचा शंकू आणि स्ट्रॉबेरीचे फळ

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील मेघ रामगिरीवरून निघतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले आहे. तेथून उत्तरेकडे जाताना उज्जयिनी वाटेवर पडत नाही. तरी वाट वाकडी करूनही मेघाने त्या नगरीचे दर्शन घेतलेच पाहिजे, असा यक्षाचा आग्रह आहे. क्षिप्रेवरचा पहाटवारा आणि महाकालाची सायंपूजा अनुभवून मेघ पुढे हिमालयात पोचतो, तेव्हा त्याला एक काम सांगितलेले आहे. तेथील सरलवृक्षांची खोडे वाऱ्याने एकमेकांवर घासून वणवा पेटला असेल, तर तो त्याने आपल्या सहस्रधारांनी शांत करावा. ‘कुमारसंभवा’तही हाच वृक्ष भेटतो. हत्ती त्याच्या खोडावर आपले गंडस्थळ घासतात आणि त्यातून पाझरणाऱ्या चिकाच्या सुगंधाने पर्वतशिखरे दरवळून जातात. हा सरल म्हणजेच हिमालयाच्या खालच्या उतारांवर वाढणारा चीड, इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या तोंडचा ‘पाइन’. त्याच्या चिकापासून राळ व टर्पेंटाइन मिळते.

कालिदासाच्या नावाचा समारोह उज्जैनमध्ये १९५८ पासून कार्तिक महिन्यात भरत आला आहे. तो आटोपून माळव्यात थंडी स्थिरावली म्हणजे बाजारात दोन जिन्नस दिसू लागतात. सुक्या मेव्याच्या दुकानात बदाम-पिस्त्याच्या शेजारी चिलगोजे मांडलेले असतात, आणि फळवाल्याच्या गाडीवर लालभडक स्ट्रॉबेरीच्या डब्या येतात. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी ती उज्जैनलाच होती. त्या काळापासून तेथे नांदणाऱ्या मराठी घरांत हे दोन्ही जिन्नस एकाच पिशवीतून येत असतील, तर त्यात नवल नाही. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्या एका पिशवीत दोन टोके एकत्र आलेली असतात. चिलगोजा हे सरलाच्याच एका भाईबंदाचे बी. त्याच्याभोवती गराचा लवलेशही नसतो. स्ट्रॉबेरीत सगळा गरच असतो, आणि बिया मात्र आत असण्याऐवजी अंगावर बाहेर चिकटलेल्या दिसतात. एका झाडाने आपल्या बियांना गराचे आवरण मुळीच दिले नाही, आणि दुसऱ्याने गर दिला तो बियांच्या बाहेर न देता खाली दिला, असे का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या पाठीमागे लागून शास्त्रज्ञांनी गेल्या पाऊणशे वर्षांत जे शोधून काढले, त्याचा संबंध महाबळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मिळकतीशी आणि हिमालयातील अरण्यांच्या भवितव्याशी येऊन पोचतो.

प्रथम दोन समजुती दूर केल्या पाहिजेत. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत. सुईसारख्या बारीक फांद्या आणि लाकडी बोंडे पाहून पुष्कळ लोक सुरूला पाइनच समजतात. वास्तविक सुरू हा फुले येणारा वृक्ष आहे. त्याचे ते बोंड म्हणजे अनेक लहान फळांचा जुडगा असून प्रत्येक कप्प्यातून एक पंख असलेले सुके फळ बाहेर पडते. म्हणजे सुरूचा शंकू हा खोटा शंकू. तसेच स्ट्रॉबेरीचे फळ हे खोटे फळ आहे. फुलाच्या मध्यभागी असलेल्या किंजपुटाचे, म्हणजे बीजकोशाचे, जे होते त्याला शास्त्रात फळ म्हणतात. आंब्यात किंजपुटाची भिंतच रसाळ होते. स्ट्रॉबेरीत रसाळ होते ते फुलाचे बूड. ज्या गादीवर फुलाचे सर्व अवयव बसलेले असतात त्या गादीला पुष्पासन असे नाव आहे. अंगावर जे पिवळसर दाणे दिसतात, ज्यांना लोक बिया म्हणतात, तेच खरे फळ. प्रत्येक दाणा हे एक कोरडे फळ असून त्याच्या पोटात एक बी असते. कोकणातल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये, कारण काजूचे उदाहरण त्याच्या परसातच आहे. काजूगर ज्यात असतो ती बी हेच तेथे खरे फळ, आणि रसाळ बोंड म्हणजे त्या फळाचा फुगलेला देठ.

आता सरलाकडे वळावे. त्याला फूल येत नाही. वसंताच्या सुमारास फांद्यांच्या टोकांशी पिवळ्या परागाने भरलेले लहान नर-शंकू येतात, आणि वेगळ्या ठिकाणी मादी-शंकू धरतात. मादी-शंकूच्या प्रत्येक खवल्यावर दोन बीजके, म्हणजे भावी बिया, उघड्याच ठेवलेल्या असतात. त्यांच्याभोवती किंजपुटाची भिंत नाही. म्हणूनच या गटाला ‘प्रकटबीज’ आणि फुलांच्या झाडांना ‘आवृतबीज’ असे म्हणतात. परागाच्या कणाला हवेने भरलेल्या दोन पिशव्या असतात. त्यांच्या आधारे तो वाऱ्यावर तरंगत जातो. बीजकाच्या तोंडाशी द्रवाचा एक थेंब जमलेला असतो. त्या थेंबात कण अडकतो आणि आत ओढला जातो. पण यानंतर लगेच काही घडत नाही. पराग आत पोचल्यापासून प्रत्यक्ष फलन होईपर्यंत सुमारे एक वर्ष जाते. शंकू पिकून, खवले उघडून, पंखाचे बी वाऱ्यावर सुटेपर्यंत चिडाच्या बाबतीत एकंदर दोन वर्षे लोटतात. दिल्ली विश्वविद्यालयात पंचानन माहेश्वरी यांनी वनस्पती-भ्रूणविज्ञानाची जी परंपरा उभी केली, तिच्यात कोनार यांनी चिडाच्या या सर्व अवस्थांचा सूक्ष्म अभ्यास करून तो १९६० मध्ये प्रसिद्ध केला. एकाच बीजकात अनेक गर्भ सुरू होतात, त्यांच्यात जणू स्पर्धा लागते आणि अखेर बहुधा एकच टिकतो, ही पाइनकुळातील विलक्षण गोष्टही अशा अभ्यासांतून तपशिलाने कळली.

सरलाच्या या दीर्घ संसारात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गर्भाला पुढे लागणारे अन्न ज्या पेशींत साठते, त्या पेशींचा समूह फलन होण्यापूर्वीच बीजकात तयार होऊ लागतो. गर्भ धरेल की नाही हे ठरण्याच्या आधीच घराची मांडामांड सुरू होते, असे म्हणता येईल. फुलांच्या झाडांनी हा क्रम बदलला. १८९८ मध्ये नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, त्यांच्यात फलन दुहेरी होते. परागनलिकेतून दोन पुंबीजे येतात. एकापासून गर्भ होतो. दुसरे वेगळ्या केंद्रकाशी मिळून ‘पुष्क’ नावाचा अन्नाचा साठा निर्माण करते. गहू, तांदूळ, नारळ यांत माणूस जे खातो ते मुख्यतः हे पुष्कच. म्हणजे येथे फलन झाल्याशिवाय अन्नाचा साठा नाही, आणि साठा नाही म्हणजे खर्चही नाही. हाच काटकसरीचा नियम फुलांच्या झाडांनी गरालाही लावला. बी धरल्याची खात्री पटल्यावाचून गरावर साखर खर्च करावयाची नाही. परंतु गरापर्यंत ही बातमी पोचते कशी?

याचे पहिले स्पष्ट उत्तर स्ट्रॉबेरीने दिले, आणि ते तिच्या त्या विचित्र रचनेमुळेच शक्य झाले. इतर फळांत बिया गराच्या पोटात असतात. त्या काढायच्या तर फळच चिरावे लागते. स्ट्रॉबेरीचे दाणे बाहेरून टिपता येतात. नीट्श या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोवळ्या स्ट्रॉबेरीवरील दाणे काढून टाकले. पुष्पासनाची वाढ तेथेच थांबली. काही फळांवर त्याने मोजकेच दाणे शिल्लक ठेवले. तेव्हा त्या दाण्यांच्या खालचा भाग तेवढा फुगला आणि बाकीचा तसाच राहिला. मग ज्या फळाचे सर्व दाणे काढले होते त्याच्यावर त्याने ऑक्सिन या वर्गातील वृद्धिद्रव्य मिसळलेले मलम लावले, आणि दाणे नसतानाही ते फळ जवळजवळ नेहमीसारखे वाढले. निष्कर्ष उघड होता. दाण्यांतून ऑक्सिन पाझरते आणि त्याच्या आज्ञेने गर वाढतो. स्ट्रॉबेरीचा सुबक आकार म्हणजे शेकडो दाण्यांनी आपापल्या पायाखाली केलेल्या कामाची बेरीज होय.

हे ऑक्सिन दाण्यात नेमके कोठे तयार होते, हे समजायला आणखी साठेक वर्षे जावी लागली. त्यासाठी लागवडीची स्ट्रॉबेरी सोयीची नव्हती, कारण तिच्या पेशीत ५६ गुणसूत्रे, म्हणजे मूळ संचाची आठ आवर्तने आहेत. एखादे जनुक काय करते हे पाहण्यासाठी ते बंद करावे, तर त्याच्या अन्य प्रती ते काम चालू ठेवतात. म्हणून संशोधक युरोपच्या रानात उगवणाऱ्या लहान फळांच्या स्ट्रॉबेरीकडे वळले. तिची गुणसूत्रे १४ आणि तिचा संपूर्ण आनुवंशिक मजकूर सुमारे २४ कोटी अक्षरांचा. तो २०११ मध्ये वाचून झाला. लागवडीच्या जातीचा सुमारे ८० कोटी अक्षरांचा मजकूर २०१९ मध्ये हाती आला. अमेरिकेतील मेरीलँड विश्वविद्यालयातील संशोधकांनी रानस्ट्रॉबेरीच्या कोवळ्या फळाचे निरनिराळे भाग सूक्ष्मपणे वेगळे करून प्रत्येकात कोणती जनुके जागी आहेत हे पाहिले. ऑक्सिन आणि जिबरेलिन ही दुसरी वृद्धिद्रव्ये बनविणारी जनुके प्रत्यक्ष गर्भात फारशी जागी नव्हती. ती पुष्कात आणि बियांच्या सालीत जागी झालेली आढळली. २०१३ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दुहेरी फलनातील दुसऱ्या पुंबीजाचे काम केवळ अन्न साठविण्याचे नसून फळाला ‘आता वाढ’ असा निरोप देण्याचेही आहे, हे त्यावरून दिसून आले.

त्यापुढचा शोध अधिक मनोरंजक आहे. पुष्पासनात अशी काही जनुके आहेत की, ज्यांचे काम वाढ रोखून धरण्याचे असते. गाडीचा ब्रेक सदैव दाबलेला असावा, तशी ही व्यवस्था आहे. बीकडून येणारी द्रव्ये वाढीला ढकलतात असे म्हणण्यापेक्षा, ती हा ब्रेक सोडवितात असे म्हणणे अधिक बरोबर होईल. रानस्ट्रॉबेरीत असे ब्रेक असलेली जनुके निकामी झाली, तेव्हा परागण न होताही पुष्पासन फुगू लागले. फळ पिकण्याचाही लगाम बियांच्याच हाती असतो. हिरव्या, वाढ पुरी होत आलेल्या फळावरचे दाणे काढले, तर ते लवकर तांबडे होते. याचा अर्थ असा की, दाण्यांतले ऑक्सिन एका टप्प्यापर्यंत गर वाढविते आणि त्याच वेळी पिकणे अडवून धरते. बी तयार झाले, ऑक्सिन ओसरले, की लाली चढते. कच्चे बी घेऊन पाखरू उडून जाऊ नये, यासाठी याहून चोख बंदोबस्त कोणता असणार?

बी नाही तर गर नाही, हा नियम माणसाला प्रयोगशाळेच्या फार आधी एका बागेत भेटला होता. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनियर १७१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिलीकडे गेला. तेथील किनाऱ्यावर त्याला मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. १७१४ मध्ये तो परतला, तेव्हा त्या दीर्घ सागरी प्रवासातून पाचच रोपे जगली होती. ती फ्रान्समध्ये लावली, वाढली, फुललीही. पण फळ धरेना. चिलीच्या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि फ्रेझिएने मोठी फळे पाहून निवडलेली सगळी रोपे मादी निघाली होती. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेली दुसरी स्ट्रॉबेरी त्यांच्या शेजारी लावली गेली, तिचा पराग मिळाला आणि फळे धरू लागली. त्या दोहोंच्या संकरातून जी झाडे निपजली, तीच आज जगभर लावली जाणारी स्ट्रॉबेरी. आंतोआन द्युशेन या तरुण फ्रेंच अभ्यासकाने १७६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संकराची उकल केली. अननसासारख्या वासामुळे तिला मिळालेले नाव तिच्या शास्त्रीय नावात अजून टिकून आहे.

येथे सरलाला काही काळ बाजूला पडल्यासारखे वाटेल. परंतु फळाची कथा त्याच्यावाचून पुरी होत नाही. शंकूधारी झाडे पृथ्वीवर सुमारे ३० कोटी वर्षांपासून आहेत. फुलांच्या झाडांचे निर्विवाद अवशेष सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे सापडतात. ती इतक्या झपाट्याने कशी पसरली, हे डार्विनला कोडे वाटत असे. आज शंकूधारी जाती सहाशेंच्या आसपास आहेत, तर फुलांच्या जाती तीन लाखांच्या घरात जातात. मग फूल आणि फळ ही योजना आकाशातून पडली काय? १९९८ मध्ये स्वीडनमधील उप्सालाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाइनच्या कुळातील स्प्रूस या झाडाच्या शंकूत काम करणारे एक जनुक त्यांनी घेतले आणि मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात घातले. त्या रोपाच्या फुलात बाहेरच्या हिरव्या संदलांना किंजदलांचे, म्हणजे किंजपुट ज्यापासून बनते त्या अवयवाचे, रूप येऊ लागले. ज्या झाडाला कधी फूल आले नाही त्याच्या जनुकाची आज्ञा फुलाला कळली! कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन घराण्यांत जुनी भाषा अद्याप समजते, असाच याचा अर्थ. बीजक कोठे धरावे हे सांगणारी लिपी फुलाच्या आधीपासून होती. फुलांच्या झाडांनी त्या बीजकाभोवती भिंत बांधली, आणि भिंत बांधल्यावर तिला केव्हा वाढावे हे सांगण्याचा अधिकार बीच्याच हाती राहू दिला.

सरलाच्या आनुवंशिक मजकुराचा विस्तार पाहून मात्र कोणीही थक्क होईल. लॉब्लॉली या अमेरिकन पाइनचा मजकूर २०१४ मध्ये वाचून झाला. तो सुमारे २२ अब्ज अक्षरांचा, म्हणजे मनुष्याच्या मजकुराच्या सातपट निघाला. त्यातील फार मोठा भाग त्याच त्या ओळींच्या पुनरावृत्तीचा आहे. सर्व पाइन जातींत गुणसूत्रे मात्र २४ च असतात. अशा ग्रंथातून एखादे उपयोगी वाक्य शोधणे कठीण, आणि त्याची परीक्षा घेणे त्याहून कठीण. स्ट्रॉबेरीचे बी पेरले तर एका वर्षात फळाची चव घेता येते; पाइनला पहिले शंकू येण्यासच कित्येक वर्षे लागतात. स्ट्रॉबेरीचा संशोधक आपल्या हयातीत अनेक पिढ्या पाहतो. पाइनच्या संशोधकाला आपल्या कामाचे फळ बहुधा शिष्याच्या हाती सोपवावे लागते.

आता महाराष्ट्राकडे यावे. इंग्रजी अमलात आलेली स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेत आणि तांबड्या मातीत रुजली. देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच डोंगरावरून येतो. २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पावसाळा ओसरल्यावर लावणी होते आणि नाताळच्या सुमारास तोडा जोरात येतो. तोडणीच्या वेळी बाईमाणसे फळांची प्रतवारी करतात, तेव्हा काही फळे बाजूला टाकावी लागतात. एखाद्याची एक बाजू फुगीर आणि दुसरी खोल बसलेली, एखाद्याचे टोकच आखडलेले असते. चवीत फारसा फरक नसतो, तरी अशा वेड्यावाकड्या फळाला बाजारात भाव येत नाही. कधी थंडीचा फटका, कधी पोषणातील उणीव ही त्याची कारणे असतात. परंतु पुष्कळदा कारण तेच असते, जे नीट्शच्या प्रयोगात दिसले. ज्या बाजूच्या दाण्यांत बी धरले नाही ती बाजू वाढली नाही. वाकडे फळ हे अर्धवट झालेल्या परागणाचे जणू लेखी निवेदनच होय.

स्ट्रॉबेरीच्या फुलाला मधल्या उंचवट्यावर शेकडो किंजल असतात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे परागकण मिळाला, तरच त्याखालचा गर वाढतो. फुलाचा स्वतःचा पराग आणि वारा हे काम काही अंशी करतात. सर्व बाजूंना पराग पोचविण्याचे काम मात्र मधमाशीच करू जाणे. ती फुलावर गोल फिरते आणि अंगावरची धूळ सगळीकडे माखते. जर्मनीत झालेल्या प्रयोगांत माश्यांनी परागित केलेली फळे अधिक वजनदार, अधिक लाल, अधिक टणक आणि कमी वाकडी निघाली, व ती टिकलीही जास्त दिवस. महाबळेश्वरला ही माशी परकी नाही. सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवण्याचा उद्योग या डोंगरात जुना आहे. तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. ते देशातील असे पहिले गाव होय. मधाची पेटी आणि स्ट्रॉबेरीचा वाफा हे दोन वेगळे धंदे दिसतात, पण आनुवंशिकीच्या प्रकाशात ते एकच आहेत. फुलोऱ्याच्या दिवसांत केलेली कीटकनाशकाची अवेळी फवारणी माशीला घालवते. आणि माशी गेली म्हणजे पुष्कात जागे व्हावयाचे जनुक झोपलेलेच राहते.

‘ब्रेक’ कोठे आहे हे कळल्यावर एक मोह उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. वृद्धिद्रव्यांच्या फवाऱ्याने किंवा जनुकातील फेरबदलाने परागणाशिवायच फळे वाढविता येतील, मग माशीची पर्वा कशाला? बंद काचघरात, कडाक्याच्या थंडीत, जेथे माशी फिरकतच नाही, तेथे अशा जातीचा उपयोग होईल हे मान्य केले पाहिजे. परंतु उघड्या डोंगरावरील शेतीला तो हिशेब लागू पडत नाही. तेथील माशी स्ट्रॉबेरीबरोबरच जांभूळ, हिरडा, गेळा अशा रानातील झाडांचेही परागण करीत असते. तिची गरज संपली असे एका पिकाने ठरविले, म्हणून रानाला तसे ठरविता येत नाही.

दुसरी गोष्ट वाणांची. स्ट्रॉबेरीची रोपे बियांपासून करीत नाहीत. मातृरोपाला जमिनीसरपट तंतू फुटतात, शेतकरी त्यांना ‘रनर’ म्हणतात, आणि त्यांच्या पेऱ्यांवर नवी रोपे धरतात. ही सर्व रोपे आनुवंशिक दृष्ट्या मातृरोपाचीच प्रतिकृती असतात. त्यामुळे फळ एकसारखे मिळते. पण रोग आला तर तोही सगळ्यांना एकसारखाच गाठतो. ‘स्वीट चार्ली’ व ‘विंटर डॉन’ हे येथे लावले जाणारे वाण फ्लॉरिडा विश्वविद्यालयातले, ‘कॅमारोसा’ व ‘चँडलर’ कॅलिफोर्निया विश्वविद्यालयातले. नवी मातृरोपे परदेशातून आणावी लागतात. अलीकडे माळव्याच्या शेजारच्या झाबुआ भागातही महाराष्ट्रातून रोपे नेऊन हिवाळी पीक घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. तेथील हिवाळा तोकडा आणि उन्हाळा प्रखर. अशा हवेत चांगले धरणारे, येथील माश्यांना आवडणारे, येथील रोगांना पुरून उरणारे वाण येथेच संकराने निपजवायचे, तर मुळात बी धरण्याचीच विद्या आत्मसात केली पाहिजे. कारण नवा वाण रनरमधून जन्मत नाही, तो बियांतूनच जन्मतो.

आणि सरल? त्याच्या अरण्याला कालिदासाच्या काळी जे भय होते ते आजही आहे. उत्तराखंडात दर उन्हाळ्यात चिडाच्या वाळलेल्या सुईपानांचा थर पेट घेतो, आणि मेघाची वाट पाहण्याची पाळी येते. चीड स्वतः जाड सालीमुळे बऱ्याच वणव्यांतून वाचतो. पण त्याची कोवळी रोपे जळतात. चिलगोज्यावरचे संकट निराळ्या प्रकारचे आहे. हिमाचल प्रदेशातील किन्नौर हे त्याचे भारतातील मुख्य स्थान. तेथे शंकू उघडण्यापूर्वीच झाडावरून उतरविले जातात, कारण उघडल्यावर बी हाती लागत नाही. भाव चढा असल्याने शंकू मागे ठेवण्याची कोणाची तयारी नसते, आणि त्यामुळे जमिनीवर पडून रुजायला फारच थोडे बी उरते. जुनी झाडे उभी दिसतात. त्यांच्याखाली नवी रोपे मात्र विरळ झाली आहेत.

प्रकटबीज आणि आवृतबीज यांतील भेद येथे पुस्तकातून उतरून ताटात येतो. स्ट्रॉबेरीने खाणाऱ्यासाठी गर वेगळा काढून ठेवला आहे. पाखराने वा माणसाने तो खाल्ला, तरी अंगावरचे कठीण दाणे बहुधा न पचता पुढे जातात आणि कोठे तरी रुजू शकतात. खाणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो आणि झाडाचे मूळ भांडवल शाबूत राहते. सरलाच्या घराण्याने असा वाटा काढलेला नाही. त्याच्याजवळ द्यायला बीच तेवढे आहे. चिलगोजा खाणारा झाडाचे भांडवलच खातो. म्हणून स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात माशी राखणे आणि चिलगोज्याच्या झाडावर काही शंकू न तोडता राखणे, ही दोन्ही कामे वस्तुतः एकाच नियमाचे पालन आहेत. उज्जैनच्या बाजारात चिलगोज्याची मूठ आणि स्ट्रॉबेरीची डबी शेजारी शेजारी दिसतील, तेव्हा एवढे स्मरणात असावे की, दोन्हींत किंमत मोजली जाते ती बियांचीच; एका ठिकाणी ती प्रत्यक्ष दिसते, दुसऱ्या ठिकाणी गोडव्याच्या रूपाने चाखायला मिळते.